रिकाम्या सदनिकांचे नगर

घरांचा तुटवडा हा कोणत्याही शासनापुढील नेहमीचा प्रश्न होय. परंतु तो सोडविण्यासाठी मोठ्या कष्टाने उभारलेली घरे पाडण्याकरिता शासनालाच अनुदान द्यावे लागावे, असा प्रसंग विरळा. जर्मनीच्या पूर्वेकडील राज्यांत तो २००२ साली आला. तत्पूर्वी दोन वर्षे, म्हणजे २००० साली, तज्ज्ञ समितीच्या अहवालात या राज्यांतील सुमारे दहा लाख घरे रिकामी असल्याचे नमूद झाले होते. त्यांत जुन्या शहरांतील पडीक इमारती होत्या, तशाच समाजवादी राजवटीत बांधलेल्या विशाल वसाहतींतील सदनिकाही होत्या. अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वी याच सदनिकांसाठी कुटुंबे वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबत असत.

या वसाहतींचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत आहे. १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत संघाने बांधकामातील अलंकरण व अनावश्यक खर्च टाळून कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या फलकांपासून घरे उभारण्याचे धोरण स्वीकारले. पूर्व युरोपातील अन्य देशांनी त्याचे अनुकरण केले. पूर्व जर्मनीने १९७३ साली व्यापक गृहनिर्माण कार्यक्रम हाती घेतला आणि १९९० पर्यंत घरांचा प्रश्न निकालात काढण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. भिंतींचे व छताचे फलक कारखान्यात ओतावयाचे, मालमोटारीने जागेवर आणावयाचे आणि यारीच्या साह्याने एकावर एक बसवावयाचे, अशी ही पद्धती होती. तिच्या सर्वाधिक प्रचलित नमुन्याची पहिली इमारत १९७३ साली नॉयब्रांडेनबुर्ग येथे उभी राहिली.

एकसारख्या दिसणाऱ्या या इमारतींची पुढे बरीच टवाळी झाली. मात्र तेथे राहावयास गेलेल्या कुटुंबांची भावना वेगळी होती. शहरांतील जुन्या घरांत कोळशाच्या शेगड्या होत्या. शौचालय अनेकदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर असे. नव्या सदनिकेत नळाला गरम पाणी, स्वतंत्र स्नानगृह आणि हिवाळ्यात मध्यवर्ती केंद्रातून येणारी ऊब मिळे. भाडे उत्पन्नाच्या मानाने अत्यल्प असे. शाळा, शिशुगृह, दुकाने ही पायी जाण्याच्या अंतरावर असत. डॉक्टर आणि खाणकामगार एकाच जिन्यावर राहत. तेव्हा या वसाहती प्रारंभापासूनच गरिबांच्या वस्त्या होत्या, हा समज चुकीचा आहे.

बहुतेक वसाहतींचे जीवन एखाद्या मोठ्या उद्योगाशी बांधलेले होते. हॉयर्सव्हेर्डा हे पोलंडच्या सीमेनजीकचे गाव १९५५ पूर्वी जेमतेम सात हजार वस्तीचे होते. त्या वर्षी जवळच तपकिरी कोळशावर प्रक्रिया करणारा प्रचंड प्रकल्प सुरू करण्याचे ठरले आणि कामगारांसाठी नदीपलीकडे नवे नगर वसविण्यात आले. १९८० च्या सुमारास वस्ती सत्तर हजारांवर गेली. हाले शहराशेजारी १९६४ साली कोनशिला बसविलेले हाले-नॉयश्टाट हे असेच रसायन कामगारांचे नगर. लॉयना व बूना येथील कारखान्यांसाठी ते उभारण्यात आले आणि १९६७ साली त्यास स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला. ऐन भरात तेथे नव्वद हजारांहून अधिक लोक राहत. तेथील रस्त्यांना नावे नव्हती. पत्ता म्हणजे केवळ इमारतीचा क्रमांक असे. नवख्या पाहुण्याची त्यामुळे जी फजिती होत असेल, तिची कल्पना करता येते.

३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीचे एकीकरण झाले. त्यापूर्वीच, १ जुलैपासून, पश्चिमेचे चलन पूर्वेत लागू झाले होते आणि तेथील उद्योगांचा माल रातोरात महाग ठरला होता. कारखाने बंद पडले, काहींतील कामगारांची संख्या अल्पांशावर आली. तरुण मंडळी पश्चिमेकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांनीही भविष्याच्या अनिश्चिततेमुळे अपत्यजन्म लांबणीवर टाकला. पूर्व जर्मनीत १९८९ साली सुमारे १,९९,००० बालके जन्मली होती. १९९४ साली हा आकडा ७९,००० च्या आसपास आला. या एका आकड्यात पुढील दोन दशकांत बंद पडलेल्या शाळांचे कारण सापडते.

येथे शासनाच्या धोरणातील विसंगतीही ध्यानात घेतली पाहिजे. लोकसंख्या घटत असता, त्याच दशकात पूर्वेकडे नवीन बांधकामास व जुन्या इमारतींच्या नूतनीकरणास घसाऱ्याच्या उदार करसवलती देण्यात आल्या. शहराबाहेर बागेसह छोटी घरे उठली. ऐपत असलेली कुटुंबे तिकडे गेली. वसाहतींत उरले ते मुख्यतः वृद्ध, बेकार आणि ज्यांना अन्यत्र जाणे परवडत नव्हते असे लोक. हॉयर्सव्हेर्डा येथे सप्टेंबर १९९१ मध्ये व्हिएतनाम व मोझांबिकमधून आणलेल्या कामगारांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले आणि नगराचे नाव देशभर काळवंडले.

घर रिकामे पडले म्हणजे त्याचा खर्च थांबतो असे नाही. ऊब पुरविणाऱ्या, पाण्याच्या व मलनिःसारणाच्या वाहिन्या पूर्ण वस्तीच्या हिशेबाने टाकलेल्या असतात. निम्मी वस्ती गेली तरी त्यांची लांबी तेवढीच राहते. प्रवाह मंदावला की गटारे तुंबतात आणि ती मुद्दाम पाणी सोडून धुवावी लागतात. हा सारा बोजा उरलेल्या कुटुंबांवर पडतो. त्यामुळे आणखी काही कुटुंबे जातात.

त्यात भर पडली जुन्या कर्जांची. नियोजित अर्थव्यवस्थेत बांधकामासाठी दिलेली रक्कम राज्याच्या बँकेच्या खतावणीत कर्ज म्हणून नोंदलेली असे. एकीकरणानंतर ती खरीखुरी, व्याज देणारी कर्जे ठरून नगरपालिकांच्या गृहनिर्माण कंपन्यांच्या व सहकारी संस्थांच्या माथी आली. १९९३ च्या कायद्याने दर चौरस मीटरमागे १५० मार्कांवरील कर्ज शासनाने उचलले, पण पंधरा टक्के सदनिका विकण्याची अट घातली. जेथे भाडेकरूच मिळत नव्हते, तेथे खरेदीदार कोठून यावेत? शिवाय इमारत पाडली तरी तिच्यावरील कर्ज उरतच होते. अखेरीस, १५ टक्के वा अधिक घरे रिकामी असलेल्या संस्थांना पाडलेल्या घरांपुरती कर्जमाफी देण्याची तरतूद करावी लागली. ती झाल्यावरच २००२ चा ‘नगर-पुनर्रचना पूर्व’ हा कार्यक्रम गती घेऊ शकला. त्याखाली पुढील दशकभरात सुमारे तीन लाख सदनिका पाडण्यात आल्या.

कोणत्या इमारती पाडावयाच्या हा त्यापुढचा प्रश्न. मधूनमधून इमारती काढल्यास वाहिन्या व रस्ते पूर्वीइतकेच लांब राहतात. म्हणून हॉयर्सव्हेर्डा येथे कडेकडून आत येण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यामुळे सर्वांत शेवटी बांधलेली, म्हणजे वयाने सर्वांत नवी घरे आधी गेली. नियोजनाच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु ज्यांनी दिवसा कारखान्यात काम करून सुटीच्या दिवशी स्वतःच्या इमारतीभोवती झाडे लावली होती, त्यांना ‘तुमची इमारत यादीत आहे’ हे सांगणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे नव्हते. आज या नगराची वस्ती तीस हजारांच्या आसपास आहे.

लाइनेफेल्डे या थुरिंगियातील गावाने निर्णय लवकर घेतला. सूतगिरणीसाठी वाढलेल्या या गावातील रोजगार १९९० नंतर कोसळला. तेथील नगरपालिकेने इतरत्र हा विषय काढणेही टाळले जात असता १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यासच आराखडा करून कोणता भाग राखावयाचा हे ठरविले. वास्तुशास्त्रज्ञ स्टेफान फोर्स्टर यांनी काही इमारतींचे वरचे मजले उतरविले. सुमारे १८० मीटर लांबीच्या एका इमारतीचे मधले भाग कापून तिची आठ स्वतंत्र लहान घरे केली. फलक जोडता येतात तसे सुटेही करता येतात, हा या पद्धतीचा दुर्लक्षित गुण तेथे उपयोगी पडला.

अन्य देशांत दुखणे वेगळे होते. रशिया, हंगेरी, एस्टोनिया येथे सदनिका राहणाऱ्यांनाच विनामूल्य वा नाममात्र किमतीत देण्यात आल्या. सदनिकेला मालक मिळाला. पण छप्पर, जिना, उद्वाहन व भिंतींतील वाहिन्या यांना कोणी वाली उरला नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांत दुरुस्तीनिधी व सिंकिंग फंड जमा केला जातो, तसा निधी तेथे प्रारंभी नव्हता. रशियात मोठ्या दुरुस्तीसाठी सक्तीच्या वर्गणीची तरतूद २०१२ च्या अखेरीस झाली. एस्टोनियात २०१८ पासून प्रत्येक सामायिक इमारतीस कायद्यानेच सदनिकाधारकांचा संघ लाभला.

मात्र वॉर्सातील उर्सिनूव्ह अथवा ब्रातिस्लाव्हातील पेत्रझाल्का या वसाहतीही अशाच फलकांच्या आहेत, आणि त्या भरलेल्या आहेत. राजधानीतील रोजगार त्यांच्या दाराशी आहे. उर्सिनूव्हमधून १९९५ पासून भुयारी रेल्वे धावते. तेव्हा वसाहती ओस पडण्याचा सारा दोष काँक्रीटला देता येत नाही.

हाले-नॉयश्टाट १९९० साली पुन्हा हाले शहरात विलीन झाले व तेथील वस्ती निम्म्यावर आली. नगराच्या मध्यावरील अठरा मजली पाच इमारतींपैकी बहुतेक दीर्घकाळ रिकाम्या होत्या; त्यांतील एक दुरुस्त करून तेथे महापालिकेची कार्यालये नेण्यात आली. २०१५ नंतर सीरियातून आलेली अनेक कुटुंबे येथील रिकाम्या सदनिकांत राहू लागली. वृद्ध भाडेकरू व नवागत यांत कुरबुरी होतात. पण ज्या वस्तीत कित्येक वर्षे माणसे केवळ कमीच होत गेली होती, तेथे आता पुन्हा मुले दिसू लागली आहेत.