आकडे उतरवले, तुलना राहून गेली

परदेशात शिकायला जायचं ठरलं की घरात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची धास्ती शिरते. निबंधांचा सराव भरपूर होतो, मुलाखतीची तयारी होते. मागे पडतो तो अ‍ॅकॅडमिक लेखनातला पहिला प्रश्न. एखादा आलेख किंवा तक्ता दिलेला असतो आणि साधारण 20 मिनिटांत, किमान 150 शब्दांत त्याचं वर्णन करायचं असतं. दुसऱ्या प्रश्नाला याच्या दुप्पट वजन आहे, हे खरं. पण म्हणून हे गुण सोडून देण्यासारखे नाहीत.

इथे मत मागितलेलं नसतं, कारणंही नाहीत. ठळक बाबी निवडा आणि गरज असेल तिथे तुलना करा, असं प्रश्नातच लिहिलेलं असतं. तरीही बरेच विद्यार्थी आकडे ओळीने उतरवून काढतात. समजा, एका शहरातले 40 टक्के लोक बसने, 20 टक्के रेल्वेने आणि 5 टक्के सायकलने कामावर जातात. हे तिन्ही आकडे लिहिले म्हणजे तक्ता वाचून दाखवला, एवढंच. 'ट्वाइस अ‍ॅज मेनी पीपल ट्रॅव्हल्ड बाय बस अ‍ॅज बाय ट्रेन, व्हाइल ओन्ली अ स्मॉल मायनॉरिटी सायकल्ड' असं लिहिलं की आकड्यांमधलं नातं दिसतं. परीक्षकाला तेच हवं असतं.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या काही चुका ठरलेल्या असतात, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष अजिबात नाही. आपल्याकडे 'जरी'च्या जोडीला 'तरी' लागतोच, म्हणून 'ऑल्दो' लिहिलं की पुढे हात आपोआप 'बट' लिहितो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच चालतो. 'खूप माणसं' आणि 'खूप पाणी' दोन्हीकडे आपला 'खूप' चालतो. इंग्रजीत मोजता येणाऱ्या गोष्टींना 'मेनी' आणि 'फ्यूअर', न मोजता येणाऱ्यांना 'मच' आणि 'लेस'. 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. एका अक्षराने वाक्याचा अर्थ फिरतो.

काही ठिकाणी मात्र मराठीच मदतीला येते. '10 टक्क्यांनी वाढलं' आणि '10 टक्क्यांवर गेलं' यातला फरक आपल्याला सहज कळतो. तोच 'बाय' आणि 'टू'मध्ये आहे. प्रमाण 20 टक्क्यांवरून 30 वर गेलं, तर वाढ 10 टक्के नव्हे, 10 टक्केबिंदूंची असते. मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती 50 टक्के वाढ ठरते. इथे घोळ झाला तर भाषा शुद्ध असूनही माहिती चुकते.

जोडशब्दांच्या पाठ केलेल्या याद्यांबद्दल मला खरोखर काळजी वाटते. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर' टाकल्याने बँड, म्हणजे गुणश्रेणी, वाढत नाही. यांत्रिक वापर गुणांकनात उणाच धरला जातो. 'व्हेअरॅज' एकाच वाक्यात दोन बाजू समोरासमोर ठेवतो. 'हाउएव्हर'ने मात्र नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं जोडता येत नाहीत. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. एवढे दोन शब्द नेमके वापरता आले, तरी बरंच काम होतं.

पालकांनो, महागड्या क्लासच्या जाडजूड नोट्स घेण्याआधी वर्तमानपत्रातला पावसाचा किंवा धरणसाठ्याचा तक्ता मुलांसमोर ठेवा. सर्वांत जास्त कुठे, सर्वांत कमी कुठे, किती पटीने, हे आधी मराठीत बोलू द्या आणि मग इंग्रजीत चार वाक्यं लिहायला सांगा. रोज एक तक्ता पुरे.