अंगणांतील गवताचें यंत्र बदलण्यापूर्वीं

एंजिनच्या बळानें स्वतः पुढें सरणारें गवतकापणीचें यंत्र सरेनासें झालें, कीं नवें आणण्याची घाई होते. एंजिन नीट चालत असून केवळ चाकें ओढत नसतील, तर बहुधा पट्टा झिजलेला अथवा तार सैल झालेली असते. तेवढ्यासाठीं नवें यंत्र घेणें आम्हांस उधळपट्टी वाटते.

घ्यावेंच लागल्यास प्रथम जमीन पाहावी. १८३० सालीं इंग्लंडांत एडविन बडिंग यानें काढलेल्या यंत्राचीं पातीं दंडगोलावर बसविलेलीं होतीं. अशीं पातीं कात्रीप्रमाणें सफाईनें कापतात. परंतु खडा लागतांच त्यांची धार बिघडते, म्हणून उंचसखल अंगणास आडवें फिरणारें पातेंच बरें. (तेंही खडे उडवितें; मुलें व गुरें दूर ठेवावींत.) चढावर भार मागें सरतो, तेव्हां तेथें मागील चाकांस गति देणारें यंत्र घ्यावें. पुढील चाकांवर चालणारें यंत्र झाडांभोंवतीं वळविण्यास सोपें खरें, पण मागची गवताची पिशवी भरली कीं त्याचीं पुढचीं चाकें घसरूं लागतात. खरेदीस जातांना फाटकाची रुंदी मोजून न्यावी. पातें, पट्टा व तार तालुक्याच्या गांवीं मिळतात कीं नाहीं, हें दुकानदारास नव्हे, तर तेथील मिस्त्रीस विचारावें.