दोन दारं, एक वर्ग

हॉस्टेलवर पहिल्याच रात्री प्रश्न येतो, 'सीईटीवाला की डिप्लोमावाला?' मी कॉन्व्हेंटचा, मराठी सांभाळून घ्या. पण नियम नीट वाचलेत!

पहिल्या वर्षासाठी बारावीला फिजिक्स, मॅथ्ससह ठरलेल्या विषयांत ४५ टक्के (राखीव गटाला ४०) हवेत. वर एमएचटी-सीईटी : २०० मार्क, त्यात एकट्या मॅथ्सचे १००. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही. डिप्लोमाला तेच ४५-४० टक्के, आणि मेरिटही डिप्लोमाच्या मार्कांवर.

म्हणून काहीजण म्हणतात, 'मागच्या दाराने आला.' कसलं मागचं दार? माझा रूममेट दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये घासून आलाय. त्याला एम-थ्री जड जातं, मला लेथ. रात्री आम्ही एकमेकांना शिकवतो. सबमिशनच्या आधी तुम्हीही करून बघा.