रोबो लॉन मोवर घेऊन सोलापुरात धंदा होईल का? आधी गुंठ्याचा हिशोब



बागेत आपोआप फिरून गवत कापणाऱ्या रोबोचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: मुद्रा लोन काढून दोन मशीन घ्यायची आणि मंगल कार्यालयांची लॉन्स धरायची, चालेल का? 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं, दोन मशीन त्यात बसतात, असा हिशोबही काहींनी करून पाठवलाय. कर्ज बसतंय, मान्य. धंदा बसतो का ते आज बघू.

आधी मशीन नेमकं काय करतं ते समजून घ्या. गवत कापायच्या यंत्राचं पेटंट एडविन बडिंग नावाच्या इंग्लिश कारागिराने १८३० मध्ये घेतलं. तो स्ट्राउडजवळ राहायचा, तो भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. कापडावरची लव एकसारखी करायला गिरणीत फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. ते बघून त्याला वाटलं, गवतही असंच कापता येईल. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यात मखमली टॉवेलचं शिअरिंग ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगायलाच नको. शिअरिंग मशीन वरची लव साफ करतं, त्यात गोधडी घातली तर मशीन अडकणार.

रोबोचंही तेच आहे. स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौर ऊर्जेवर चालणारा मोवर बाजारात आणला, तेव्हापासून मूळ पद्धत फारशी बदललेली नाही. खाली एक फिरती चकती, तिला दाढीच्या ब्लेडसारखी छोटी पाती. रोज किंवा एक दिवसाआड थोडंथोडं कापायचं आणि तो बारीक चुरा तिथेच पडू द्यायचा. चुरा कुजून खत होतं, गोळा करायला माणूस लागत नाही. पण गुडघाभर वाढलेल्या गवतात हे मशीन सोडलं तर ते दहा फुटांवर थांबेल. म्हणजे आधी ब्रश कटरने गवत खाली आणायचं, खड्डे भरायचे, दगड वेचायचे, मग रोबो. ही सगळी आधीची कामं माणसाची आहेत आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला लगेच तयार असतं, हे लक्षात ठेवा.

गुंठ्याचा हिशोब

खोक्यावर क्षमता चौरस मीटरमध्ये लिहिलेली असते. आपल्याला गुंठे कळतात. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे १,००० चौरस मीटरचं मशीन जेमतेम १० गुंठे सांभाळणार, तेही जमीन सपाट आणि मोकळी असेल तर. झाडांचे आळे, कारंजं, स्टेजचा ओटा आला की आकडा खाली येतो.

आता खर्च. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे भरा. मशीन आणि बसवणी २,००,००० रुपये, आयुष्य चार वर्षं धरलं तर वर्षाला ५०,०००. पाती, वीज, चाकं १२,०००. बॅटरी आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे १५,०००. कडा कापायला आणि मशीन बघायला महिन्याला आठ फेऱ्या, फेरीला ३०० रुपये, वर्षाचे २८,८००. बेरीज १,०५,८००. महिन्याला साधारण ८,८०० रुपये, यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही.

तेच १० गुंठे पेट्रोलच्या मोवरने कापले तर? मजुरी आणि पेट्रोल मिळून फेरीला ९०० रुपये धरा, महिन्याला सरासरी तीन फेऱ्या, २,७००. मशीनची झीज ५००. एकूण ३,२००.

बघितलं? युरोपात रोबो खपतो कारण तिथे माणसाचा तास महाग आहे. आपल्याकडे मजुरी वाचवायला म्हणून रोबो घेतला तर गणित उलटं बसतं, आणि दोन मशीन घेतली तर तोटाही दोनदा. मग कुणाला परवडतो? ज्याला आवाज नको, पेट्रोलचा वास नको, गवत कायम एकाच उंचीवर हवं आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची तयारी आहे त्याला. हॉस्पिटलचं आवार, हायवेवरचं रिसॉर्ट, एखादा मोठा बंगला. असं एक गिऱ्हाईक वर्षभराच्या लेखी कराराने १०-११ हजार रुपये महिना देत असेल, तर त्या एका जागेसाठी एक मशीन घ्या. तोंडी शब्दावर नाही.

मंगल कार्यालयाच्या लॉनचं काय?

कागदावर ही जागा एकदम भारी दिसते. चातुर्मासात मुहूर्त नसतात, लॉन मोकळं, आणि गवत जोरात वाढतं तेही नेमकं तेव्हाच. रोबोला याहून चांगले दिवस कुठले? पण सोलापूरची काळी माती ओली झाली की चाकाला लाडवासारखी चिकटते. मशीन जागेवरच फिरत राहतं, गवत उखडतं आणि चिखलाचा गोल पडतो. लॉनखाली तांबडी माती किंवा मुरूम टाकून पाण्याचा निचरा केलेला असेल तर ठीक. नसेल तर पावसाळ्यात रोबो डॉकवरच बसून राहणार.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. मग सकाळी हळद, रात्री रिसेप्शन, दुसऱ्या दिवशी मंडपवाला खांब काढतोय. मागे काय राहतं? मंडपाचे खिळे, सुतळी, फुलांच्या माळांचा दोरा, केसांच्या पिना, फुग्यांचे तुकडे. दोरा चकतीच्या खाली गुंडाळला की मोटर तापते, खिळ्याने पातं तुटतं. म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर एका माणसाने मॅग्नेटची पट्टी फिरवून लॉन वेचलं पाहिजे. आता तो माणूस तिथे आहेच तर त्याच्या हातात मोवर दिलेलाच बरा, असं माझं मत.

मशीन घेतलंच तर सुधारणा कुठे करायच्या

पहिली गोष्ट डॉक. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४२-४३ वर असतो, मग पत्र्याखाली किती होत असेल विचार करा. डॉकवर पत्रा नको. वर दुहेरी शेडनेट, चारी बाजूंनी वारा, शक्यतो पूर्वेच्या भिंतीला. उन्हाळ्यात कापायची वेळ पहाटेची लावा. रात्रीचं टाळा. बेडूक, सरडे, कुत्र्याची पिल्लं रात्री गवतातच असतात. जर्मनीतल्या कोलोन शहराने साळिंदरासारखे छोटे काटेरी प्राणी मरतात म्हणून २०२४ मध्ये रोबो मोवर रात्री चालवायला बंदीच घातली. मूल जवळ असताना तर कुठल्याही वेळी नाही, सेन्सर कितीही चांगला असो.

दुसरी गोष्ट हद्द. जुन्या पद्धतीत लॉनभोवती वायर पुरतात, तिच्यातला सिग्नल ओळखून मशीन मागे वळतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, वायर ताणली जाऊन तुटते आणि कुठे तुटली ते शोधण्यात अख्खा दिवस जातो. जिथे भेगा पडतात तिथे वायर पातळ पीव्हीसी पाइपातून, थोडी सैल सोडून न्या. नव्या मशीनमध्ये वायर नसते, उपग्रहाच्या सिग्नलवर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा कळते. भूमी अभिलेखची माणसं मोजणीला रोव्हर घेऊन येतात ना, तेच तंत्र. त्याला वर मोकळं आभाळ लागतं. कडुलिंबाखाली किंवा चार मजली इमारतीला चिकटून असलेल्या लॉनवर ते चुकतं, मग कॅमेरा किंवा लायडार असलेलं मॉडेल बघावं लागतं.

तिसरी गोष्ट कडा. भिंतीजवळची चार-सहा इंचांची पट्टी रोबोला कापता येत नाही. तिथे गवताच्या पातळीत बसणारी पेव्हर ब्लॉकची एक ओळ टाका. चाक ब्लॉकवरून जातं, पातं गवतापर्यंत पोचतं. कडा कापायची मजुरी बरीच कमी होते, आणि ब्लॉक बसवायचं कामही तुम्हीच घ्यायचं.

ज्यांना यंत्रात हात घालायची आवड आहे त्यांनी ओपनमोवर आणि आर्डुमोवर हे खुले प्रकल्प बघा, सर्किट आणि प्रोग्रॅम सगळं फुकट उपलब्ध आहे. चाकांवर खिळ्यांची पट्टी, चिखल खरवडणारा ब्रश असल्या गोष्टी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. फक्त वॉरंटी संपायच्या आधी असं काही करू नका. आणि मशीन घेतानाच पाती आणि बॅटरी कोण देणार, किती दिवसांत देणार, हे बिलावर लिहून घ्या.

एक गाडा, अनेक अवजारं

यार्बो नावाच्या कंपनीचं यंत्र असं आहे की चालणारा गाडा एकच, त्याला कधी मोवर जोडायचा, कधी पानं उडवणारा ब्लोअर, थंडीत बर्फ फेकणारं अवजार. बर्फ आपल्या काय कामाचा, पण विचार घेण्यासारखा आहे. कर्जाचा हप्ता बारा महिने असतो आणि गवत बारा महिने वाढत नाही. आपल्याकडे याची स्वस्त आवृत्ती आधीच आहे की. ब्रश कटरच्या इंजिनलाच कुंपण छाटायचं आणि माती भुसभुशीत करायचं अवजार जोडता येतं. सुरुवात त्याने करा.

आणि आता ज्याकडे फार कमी जणांचं लक्ष आहे ते. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं गवत लॉनवर नाही, सौर पॅनेलखाली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सबस्टेशनजवळ छोटे सौर प्रकल्प उभे राहतायत. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते, म्हणजे ५ मेगावॅटचा प्रकल्प २० ते २५ एकरांचा, हजार गुंठ्यांपर्यंत. पावसाळ्यात गवत पॅनेलवर सावली धरतं, वीज कमी होते. उन्हाळ्यात तेच गवत वाळून आगीची भीती. ब्रश कटरने दगड उडाला की पॅनेलची काच गेली. शिवाय पॅनेलवर धूळ बसते, ती धुवायचं काम वेगळंच. इथे एकच रिमोटवर चालणारा बुटका गाडा, खाली मोवर आणि वर धुवायचा ब्रश, असं यंत्र खरंच पैसे कमावू शकतं. अंगणातला नाजूक रोबो इथे एक दिवस टिकणार नाही. आणि लोंबकळत्या केबलमध्ये हजार-दीड हजार व्होल्टची डीसी वीज असते. प्रकल्पाच्या इंजिनिअरने केबल बांधून, लेखी परवानगी दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या दहा किलोमीटरच्या आत तीन जागा निवडा. एक हॉस्पिटल किंवा रिसॉर्ट, एक मंगल कार्यालय, एक सौर प्रकल्प. गुंठे मोजा, माती काळी की तांबडी ते लिहा, आत्ता गवत कोण कापतं आणि महिन्याला किती घेतं ते विचारा. वर दिलेल्या हिशोबात ते आकडे भरून बघा. पुढच्या व्हिडिओत गवत देखभालीच्या वार्षिक कराराचं कोटेशन ओळीओळीने लिहून दाखवतो, तेव्हा तुमचे तीन जागांचे आकडे हाताशी ठेवा.