पाखराचा हिशेब आणि उंबरठ्याचा हिशेब

बाळा, गोंदियाचं बिरसी ते अमरावतीचं बेलोरा, दोन्ही आपल्या विदर्भातली लहान विमानतळं. सरळ रेषेत अंतर साधारण २८० किलोमीटर, म्हणजे छोट्या विमानाचं तासाभराचं काम, आणि आपली वर्ध्याजवळची नालवाडी या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. आकडा खरा आहे, पण पाखराचा हिशेब पाखरापाशी, आपला हिशेब उंबरठ्यापाशी. म्हणून एवढं गाठीला बांधून ठेव.

१. अंतर मोजण्याआधी फेरी आहे का ते बघ – दोन गावांना धावपट्टी असली म्हणजे त्यांच्यात विमान असतंच असं नाही. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला पहिली प्रवासी सेवा सुरू झाली, ती मुंबईची.

२. तारखेआधी वार विचार – लहान विमानतळावर रोज विमान येईलच असं नसतं, आणि वार चुकला की मुक्काम वाढला.

३. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला तासाला ५०० किलोमीटर धर, जेटला ८००, आणि वर अर्धा तास टाक – धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यातच तो जातो. बेलोरा-मुंबई साधारण ५४० किलोमीटर. म्हणूनच वेळापत्रकात पावणेदोन तास लागले.

४. हिवाळ्यात मुंबईकडे जाताना थोडा जास्त वेळ धर – वरचा वारा पश्चिमेकडून येतो, जाताना अडवतो आणि येताना ढकलतो.

५. बिरसीहून बेलोऱ्याकडे जायचं तर आधी रेल्वे बघ – विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदिया, नागपूर, वर्धा करत पाच-सहा तासांत अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला सोडते, गाडी बदलावी लागत नाही. बसल्या जागी पोचवते तीच लवकरची गाडी!

६. तिकिटावर वर्धा आहे की सेवाग्राम, दोनदा वाच – दिल्ली-चेन्नई मार्गाच्या पुष्कळ गाड्या सेवाग्रामलाच थांबतात, आणि धावपळ ऐन वेळी होते.

७. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरचं विमान सकाळी दहाचं असेल तर साडेसहाला नालवाडी सोड – रस्ता सत्तरेक किलोमीटर, बुटीबोरीला गर्दी लागते आणि सामानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. विमानतळ वर्धा रोडलाच आहे, शहरात शिरायची गरज नाही.

८. पुढचं विमान धरायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घे – पहिलं उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनी बघते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा चार महानगरांची विमानं नागपुरात भेटून थैल्या बदलत. तिथंही सगळी मदार मधल्या थांब्यावरच होती.

९. नागपूरहून शारजाला जायचं तिकीट बघताना दीड तास मिळव – तिथलं घड्याळ आपल्या मागे चालतं, म्हणून साडेतीन तासांचा प्रवास कागदावर दोनच तासांचा दिसतो.

१०. सोबत आजी असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांग – तिथली माणसं मनापासून मदत करतात, फक्त त्यांना आधी कळायला हवं.

११. घरी पोचायची वेळ कळवताना विमान उतरायची नको, उंबरठा गाठायची सांग – नाहीतर तुझी आई विमान टेकल्यापासून फाटकाकडे बघत बसते, आणि तू अजून बॅगेच्या पट्ट्यापाशीच उभा असतोस.