मुलाखत कशी ऐकावी

प्रश्न विचारणें ही जशी एक विद्या आहे, तशीच प्रश्नोत्तरें लक्ष देऊन ऐकणें हीहि एक विद्याच आहे. आमच्या मलकापूरच्या मुलांस ती घरबसल्या शिकतां येते. महाराष्ट्र शासनाचें माहिती व जनसंपर्क महासंचालनालय गेलीं कित्येक वर्षें "दिलखुलास" नांवाचा मुलाखतींचा कार्यक्रम तयार करीत आलें आहे, व तो राज्यांतील आकाशवाणी केंद्रांवरून सकाळीं ऐकावयास मिळतो. शेजारच्या जळगांवास असें केंद्र 1976 सालीं सुरू झालें.

मुलाखत ऐकतांना प्रथम पाहावें कीं, प्रश्न करणारा कोण व उत्तर देणारा कोण? येथें कार्यक्रम शासनाचा, आणि उत्तर देणाराहि पुष्कळदां शासनाचाच अधिकारी असतो. यांत गैर कांहीं नाहीं. सरकारी योजनेची माहिती अशा ठिकाणीं नीट मिळते. परंतु जो प्रश्न विचारला गेला नाहीं, तो श्रोत्यानें आपल्या मनाशीं विचारला पाहिजे.

उदाहरणार्थ, माहितीच्या अधिकाराचा 2005 सालचा कायदा घेऊं. अर्जास सामान्यतः 30 दिवसांच्या आंत उत्तर मिळालें पाहिजे, असें अधिकारी सांगतील. विद्यार्थ्यानें लागलीच म्हणावें, "आणि न मिळाल्यास?" न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पुढील 30 दिवसांच्या आंत पहिलें अपील करतां येतें. ज्या गरिबाचा अर्ज दप्तरांत पडून राहिला, त्यास हें दुसरें उत्तरच अधिक उपयोगी पडतें.

कलावंताच्या मुलाखतींत प्रश्न निराळा असावा. मानसन्मान किती मिळाले हें वर्तमानपत्रांतहि वाचतां येतें. कृति कशी घडली, हें मात्र त्याच्याच तोंडून ऐकावें. जळगांवकडील बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरच्यांनीं त्यांचीं गाणीं ऐकून लिहून ठेवलीं, म्हणूनच त्या 1951 सालीं वारल्यावर 1952 सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. आपल्याहि घरीं अशी एखादी आजी असेल. तिला कोणी कांहीं विचारलें आहे काय?

बारा वर्षांचा येशू मंदिरांत पंडितांमध्यें सांपडला, तेव्हां तो आधीं ऐकत होता व मग प्रश्न करीत होता. हाच क्रम मुलांनीं धरावा. पालकांस आमची इतकीच विनंति आहे कीं, मुलानें घरीं प्रश्न केला तर त्यास गप्प बसवूं नये.