पाच डाव, तीन डाव, एक डाव

प्रश्न : आयपीएलच्या साखळीत एक संघ १४ सामने खेळतो. अमेरिकेतला बेसबॉलचा संघ म्हणे १६२ खेळतो आणि वर पुन्हा प्लेऑफ! एवढ्या सामन्यांत सरस कोण ते ठरत नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ठरतं, पण सरस म्हणजे काय, ते साखळीत आणि प्लेऑफमध्ये वेगळं असतं.

बेसबॉलच्या साखळीत सहा महिने जवळजवळ रोज सामना असतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पूर्ण ताकदीनं शंभरेक चेंडू टाकतो आणि मग त्याचा हात सावरायला चारेक दिवस जातात. म्हणून पाच पिचर पाळीपाळीनं सुरुवात करतात. ते दमले की राखीव पिचरांची फळी येते, तिला बुलपेन म्हणतात. यातलं कच्चं मडकं १६२ सामन्यांत लपत नाही. प्लेऑफमध्ये मात्र मधे सुट्ट्या मिळतात, त्यामुळे तीन-चार उत्तम पिचरांवरही भागतं.

२०१९चे वॉशिंग्टन नॅशनल्स बघा. २३ मेपर्यंत १९ विजय, ३१ पराभव. बुलपेन इतकं दुबळं की हातातले सामने निसटत होते. तिथून त्यांनी ११२ पैकी ७४ जिंकले आणि ९३ विजयांवर वाइल्ड कार्ड मिळवलं, म्हणजे तेव्हाच्या नियमानं एकच सामना, हरलात की घरी. त्यात मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध आठव्या डावात १-३ अशी पिछाडी. दोन गडी बाद, तिन्ही बेस भरलेले. वीस वर्षांच्या हुआन सोटोनं उजवीकडे चेंडू मारला, तो क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला आणि बेसवरच्या तिघांनीही धाव पूर्ण केली. ४-३!

पुढे १०६ विजयांचे डॉजर्स गारद झाले, कार्डिनल्स सरळ चार सामन्यांत आटोपले आणि अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये, समोर आले १०७ विजयांचे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. या मालिकेत सातही सामने पाहुण्या संघानं जिंकले.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ यांचं पिचर वापरणं. ब्रूअर्सविरुद्ध मॅक्स शेर्झरनं पाच डाव टाकले. नंतर बुलपेनकडे न वळता त्यांनी स्टीफन स्ट्रासबर्गला, म्हणजे सुरुवात करणाऱ्यालाच, तीन डाव दिले. शेवटचा डॅनियल हडसनचा. अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्याच्या सकाळी शेर्झरची मान अशी आखडली की त्याला कपडे घालायलाही बायकोची मदत लागली. तीनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, निर्णायक सामन्यात तोच माणूस माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा राहिला. पुन्हा पाच डाव. नंतरचे तीन पॅट्रिक कॉर्बिनचे, तोही सुरुवात करणाराच. नववा पुन्हा हडसनचा. ६-२. १९२४नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीजचा चषक वॉशिंग्टनला आला.